दुसरी माळ

आमच्या घरी घटाची पहिली माळ खाऊच्या पानांची आणि दुसरी तरवडाच्या फुलांची. तिसरीपासून पुढे झेंडू, कारळा, शेवंती, त्या दिवशी जे मिळेल ते. पण दुसरी माळ तरवडाचीच. १९८१ साली लग्न होऊन मी माळशिरसला या घरात आले, त्या पहिल्याच नवरात्रात सासूबाईंनी हे सांगून ठेवलं होतं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. तरवडच का, असं मी विचारलं. "पयल्यापास्नं हाय," एवढंच उत्तर मिळालं.

मी तेव्हा नुकतीच एका माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले होते. कारण मिळाल्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही. हे कारण मात्र कुणाला सांगावं लागलं नाही, माळावर गेले आणि समोरच दिसलं.

आमच्या तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. नीरा आणि भीमेच्या अंगाला अकलूज, माळीनगर, उजव्या कालव्याचं पाणी आणि नजर पोचेल तिथवर ऊस. दुसऱ्या अंगाला, शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे, मुरमाड माळ, हुलगा-मटकीची रानं आणि धनगरांची मेंढरं. या माळावर पावसाळा संपता संपता गवत पिवळं पडायला लागतं, आणि तेव्हाच तरवड फुलून येतो. त्याला कुणी लावलेलं नसतं, कुणी पाणी घातलेलं नसतं, राखण तर नाहीच. मेंढरं त्याच्या बाजूनं जातात, पण त्याला तोंड लावत नाहीत. ज्या घरी फुलं विकत आणायला पैसा नाही, त्या घरच्या घटालाही दुसरी माळ चुकू नये, अशी सोय माळानंच करून ठेवलेली. आमच्या भागातल्या बायकांनी तरवड देवीला वाहिला तो याच हिशोबानं, असं मला वाटतं. पुढे कळलं की तेलंगणात हेच फूल तंगेडू या नावानं बतुकम्माच्या सणाला रचतात, आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. दख्खनच्या कोरड्या जमिनीवर राहणाऱ्या बायकांना देवीसाठी एकच फूल सुचावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हे झुडूप जवळून बघण्यासारखं आहे. उंची बहुधा माणसाच्या खांद्याइतकी. पानं संयुक्त, एका दांड्यावर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी. पानाचा दांडा जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे दोन्ही बाजूंना गोलसर, रुंद उपपर्णं असतात, थेट कानाच्या पाळीसारखी. लिनियसनं १७५३ साली या झाडाला नाव दिलं ते या कानांवरूनच. ऑरिक्युलाटा, म्हणजे कानवालं. तेव्हा तो कॅसिया ऑरिक्युलाटा होता, आता त्याला सेन्ना ऑरिक्युलाटा म्हणतात. आपल्याकडचं जुनं संस्कृत नाव आवर्तकी.

फूल हातावर घेतलं की हळदीचा खडा फोडल्यासारखा रंग. पाच पाकळ्या, त्यांच्या कडा किंचित चुरगळलेल्या, शिरा स्पष्ट. मध्ये दहा पुंकेसर, आणि दहाही सारखे नाहीत. वरचे तीन वांझ, नुसते नावाला. मधले चार आखूड. खालचे तीन मात्र लांब, बाकदार, पुढे आलेले. या फुलात मकरंदाचा थेंबही नाही. येणाऱ्याला द्यायला त्याच्याकडे फक्त पराग आहेत, आणि तेही सहज मिळत नाहीत, कारण परागकोश उभा फाटत नाही, त्याच्या टोकाला बारीक छिद्र असतं. काळा भुंगा येतो, फुलाला पायांनी मिठी मारतो आणि पंख न हलवता नुसतं अंग थरथरवतो. तेव्हा त्याचा गुणगुणण्याचा आवाज एकदम चढतो. त्या कंपनानं छिद्रातून पराग उडतात. काही भुंग्याचं पोट भरायला जातात, काही त्याच्या पाठीपोटाला चिकटून पुढच्या फुलाला पोचतात. मी मुलांना माळावर नेऊन डोळे मिटायला सांगायचे आणि फक्त तो चढलेला आवाज ऐकवायचे. फळ्यावर आकृती काढून हे कळत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसले, तो सांगते.

१९८४ च्या घटस्थापनेचा दुसरा दिवस. सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी, टोपली घेऊन मी माळावर गेले. आत्याबाईंचे नियम कडक होते. पारोश्या अंगानं फूल तोडायचं नाही, तोडलेलं हुंगायचं नाही, टोपली खाली टेकवायची नाही. माळावर एक म्हातारे गृहस्थ तरवडाच्या फांद्या तोडून ठेचत बसले होते. लाकडावरून साल सुटी करायची आणि तिचा भारा बांधायचा, असं काम चाललं होतं. त्यांची नखं आणि बोटांची पेरं तपकिरी झाली होती, साबणानं न जाणारा तपकिरी. गावात सगळे त्यांना बापू म्हणायचे. ढोर समाजातले, कातडं कमावणारे. गावात हे काम करणारे तेव्हा ते एकटेच उरले होते.

मला बघून ते म्हणाले, "बाई, घटाला न्हेताय न्हवं? ह्या फांद्यांची फुलं उगं वाया जात्याती. ही घ्या की." त्यांनी तोडलेल्या फांद्यांवरची फुलं धोतराच्या ओच्यात आधीच गोळा करून ठेवली होती, देठासकट, एकेक नीट खुडून. टाकून द्यायला त्यांचं मन झालं नसावं. मी टोपली पुढे केली. पाच मिनिटांत ती भरली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, एवढ्या लवकर एवढी फुलं कशी? मी सांगितलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. टोपली उचलली, परड्यात गेल्या आणि उकिरड्यावर पालथी केली. परत येऊन म्हणाल्या, "न्हाऊन घे परत." त्या वर्षी दुसरी माळ झेंडूची झाली. मी पुन्हा अंघोळ केली. काही बोलले नाही. तीन वर्षांची सून होते, वय लहान होतं, ही कारणं आज मी पुढे करणार नाही. मला बोलता आलं असतं. शाळेत चाळीस मुलांपुढे बोलता येत होतंच की.

उकिरड्यावरची ती पिवळी फुलं दिवसभर दिसत राहिली. शेणावर पडूनही ती तशीच टवटवीत होती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. एका झुडपाचं फूल देवीला चालतं. त्याच झुडपाची साल ज्याच्या बोटांना लागली आहे, त्यानं दिलेलं तेच फूल चालत नाही. मग विटाळ नेमका होता कुठे? सालीत म्हणावं, तर ती साल फुलाच्याच फांदीची. मुळातून वर आलेलं पाणी दोघांनी वाटून घेतलेलं. मग तो बापूंच्या हातात होता का? की ज्या कातड्याला तो हात लागायचा, त्यात?

पुढे काही वर्षांनी मी बापूंच्या घरी गेले. निमित्त शाळेचं होतं. वनस्पतींचे उपयोग शिकवताना पुस्तकात 'टॅनिन' हा एक शब्द येतो आणि मुलं तो पाठ करतात. मला ते काम कसं चालतं हे समजून घ्यायचं होतं. खरं कारण, मला त्यांच्या दारात जायचं होतं. त्या उकिरड्याबद्दल त्यांना माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी काढलं नाही.

बापूंनी सगळं सांगितलं. आधी कातडं चुन्याच्या पाण्यात घालायचं, म्हणजे केस सुटतात. मग आतल्या बाजूचं मांस खरवडून काढायचं. मग धुवायचं, पुन्हा पुन्हा, चुना निघेपर्यंत. मग साल. तरवडाची, बाभळीची, जोडीला हिरडा. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, तिच्यात ठेचलेली साल आणि पाणी भरायचं आणि तिवईला टांगायचं. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात गळतं, ते पुन्हा वर ओतायचं. दिवसचे दिवस. "घाई केली की आतनं कच्चं ऱ्हातंय," ते म्हणाले, "आन् कच्चं ऱ्हायलं की सडतंय."

यामागचं शास्त्र मला माहीत होतं, पण त्यांच्या अंगणात बसून ते पहिल्यांदा नीट कळलं. तरवडाच्या सालीत १८ टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं. ते कातड्यातल्या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट धरतं, मग जिवाणूंना ते कुजवता येत नाही. मेंढरं तरवडाला तोंड लावत नाहीत तेही बहुधा त्याच्या अशाच तुरटपणामुळे. झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी जे अंगात धरलं, तेच मेलेल्या कातड्याचं कुजणं थांबवतं. म्हणजे बापूंचं काम हे कुजणं थांबवण्याचं काम होतं. गावात मेलेलं जनावर पडलं की जी दुर्गंधी, जी रोगराई होऊ शकली असती, ती ते स्वतःच्या अंगावर घ्यायचे आणि त्यातून जोडे, वाद्या, आसूड, पखाली, मोटा असं वर्षानुवर्षं टिकणारं काहीतरी करून परत गावालाच द्यायचे. ज्याला आपण स्वच्छता म्हणतो, तिचा याहून अवघड प्रकार मला माहीत नाही.

मराठीत या कामाला कमावणं म्हणतात. पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो, आणि ढोर कातडं कमावतो. पैसा सोडला तर तिन्ही ठिकाणी अर्थ एकच: कच्चं होतं ते कष्टानं, वेळ देऊन पक्कं केलं. ज्या कुणी ही भाषा घडवली, त्यांनी पैलवानाला आणि गवयाला या माणसाच्या पंक्तीला बसवलं होतं. गावानं मात्र त्याला वेशीबाहेर बसवलं.

मी उठताना बापू म्हणाले, "तुमच्या हिरीवरची मोट माझ्या बाच्या हातची हुती बरं का. सोंडंची मोट. लई वर्सं चालली."

ती मोट आमच्या माळवदाच्या घरात वर अडगळीत पडून होती, हे मला माहीत होतं. मोट म्हणजे काय हे आता सांगावं लागेल, कारण माझ्या विद्यार्थ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. विहिरीतलं पाणी बैलांनी ओढून काढायची ही कातड्याची मोठी थैली, खाली निमुळती सोंड. नाडा आणि सोंदूर अशा दोन दोरांनी ती वर यायची, बैल धावेवरून उतरायचे, आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. तिथून पाटानं रानात. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत या भागातली बागायती मोटेवर होती. आमच्या घरात कित्येक वर्षं देवघरातला तांब्या त्याच थारोळ्यातून भरला जायचा. कापडानं गाळून, सोवळ्यात. जनावराच्या कातड्यातून, बापूंच्या वडिलांनी कमावलेल्या आणि शिवलेल्या थैलीतून आलेलं ते पाणी. त्याच पाण्यानं देवीला अंघोळ. घटाखालची काळी माती भिजवायची ती त्याच पाण्यानं, आणि त्यातच नऊ धान्यं उगवायची.

मग या पाण्याचा विटाळ कसा होत नाही, हे मी त्या संध्याकाळी आत्याबाईंना विचारलं. वाद घालायला नव्हे, खरोखर विचारलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "पान्याला कशाचा आलाय इटाळ? व्हातं पानी ते." मी म्हटलं, मोटेतलं पाणी वाहतं नसतं, थैलीत भरलेलं असतं. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तुझं इज्ञान तुझ्यापाशी." आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

त्यांना हसण्याचा मला हक्क नाही. त्यांच्याकडे जे उत्तर नव्हतं, ते मोठमोठ्या पंडितांकडेही नव्हतं. वस्तूतच पावित्र्य असतं म्हणावं, तर मुंजीतलं मृगाजिन हे कातडंच, जपाला बसायचं व्याघ्रासन हे कातडंच, देवापुढे फुंकायचा शंख हा मेलेल्या प्राण्याचा सांगाडा, सोवळ्याचं रेशीम किड्याच्या कोशाचं. यांतलं काहीही कधी कुणी उकिरड्यावर टाकलं नाही. आषाढात माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. त्याआधी पुरंदावड्याच्या मैदानावर गोल रिंगण होतं. तिथे शेकडो मृदंग एकदम घुमतात तेव्हा पोटात कालवतं. मृदंगाच्या पुड्या तरवडानं कमावलेल्या नसतात, त्या कच्च्या कातड्याच्याच असतात. पण कातडं ते कातडंच. ज्या देवाच्या नामघोषाला कातड्याचा ताल चालतो, त्याच देवाच्या दारातून कातडं कमावणारा माणूस हाकलला गेला. तेव्हा विटाळ वस्तूत नव्हता हे उघड आहे. तो स्पर्शात होता म्हणावं, तर मोटेच्या पाण्यानं तेही खोटं ठरवलं. मोट माणसाच्या हातचीच होती.

मग राहिलं काय? जन्म. ज्या कुळात माणूस जन्मला ते कूळ. सगळ्या युक्तिवादांच्या तळाशी शेवटी हाच एक दगड सापडतो.

आणि कूळ हा तर माझ्या विषयातला शब्द. कुळ, प्रजाती, जाती हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. तरवड शिंबावंत कुळातला, म्हणजे शेंगा धरणाऱ्यांतला. हरभरा, तूर, मटकी, भुईमूग याच कुळातले. बाभूळ, बहावा, पळस हेही. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तो आपटा याच कुळातला, आणि जिची पूजा करतो ती शमीसुद्धा. दुसऱ्या माळेला आणि दसऱ्याला आपण एकाच कुळाच्या दारात उभे असतो, हे किती जणांच्या लक्षात येतं?

या कुळाची पुस्तकातली कीर्ती अशी की याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि जमिनीचा कस वाढवतात. एका वर्षी मी मुलांना माळावर नेलं. मटकीचं रोप उपटलं, मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या. मग एक लहान तरवड मुळासकट खणून काढला. कठीण मुरूम, दोन मुलांचे हात सोलवटले. मुळं धुऊन पाहिली तर एकही गाठ नाही. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं. नंतर वाचलं की सेन्ना प्रजातीच्या झाडांना अशा गाठी येतच नाहीत. वाटाण्याचं फूल फुलपाखरासारखं असतं, तरवडाचं तसंही नाही. कुळाचा म्हणून जो गुण सांगतात तो याच्यात नाही, कुळाचा म्हणून जो चेहरा सांगतात तोही नाही. तरी तो त्याच कुळाचा. चपटी, कागदासारखी पातळ शेंग धरतो आणि फार जुन्या काळी सगळ्यांचा पूर्वज एक होता, एवढ्याच नात्यानं.

वनस्पतिशास्त्रात कुळाला एवढाच अर्थ आहे. कोण कुणाचा आप्त, हे ते सांगतं. कोण वरचा, कोण खालचा, हे ते सांगत नाही. एखादं झाड काय करतं, काय देतं, हे कुळावरून कळत नाही, मुळं धुऊन बघावी लागतात. झाडांच्या बाबतीत जे कुळावरून सांगता येत नाही, ते माणसांच्या बाबतीत जन्मावरून सांगता येतं, असं आपण कशाच्या आधारानं म्हणत आलो?

आमच्याच जिल्ह्यात मंगळवेढा आहे. बाराव्या शतकात बसवेश्वर तिथे राहिले, आणि पुढे कल्याणला त्यांनी ज्या शरणांना बरोबरीनं बसवलं त्यांत कातडं कमावणारे कक्कय्या होते. ढोर समाज आजही त्यांना आपले गुरू मानतो. त्याच मंगळवेढ्यात चोखोबा झाले. १३३८ साली गावकुसाचं काम करताना ते कूस कोसळून चोखोबा त्याखाली गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वाराशी समाधी बांधली, अशी परंपरा आहे. अस्थी म्हणजे तर सोवळ्याच्या हिशोबात विटाळाची परिसीमा. नामदेवांनी त्या उचलल्या. त्यानंतर सहा शतकं समाधी दाराशी होती आणि चोखोबांचे लोक दाराबाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा विठ्ठलाचं दार उघडलं. माझ्या वडिलांचा जन्म त्याआधीचा आहे. इतकं हे जवळचं आहे.

आमच्याकडे दरवर्षी वारी येते. एक रात्र माळशिरसमध्ये कुणी कुणाला जात विचारत नाही. पिठलं-भाकरी कुणाच्याही हातची खातात, थोरले धाकट्यांच्या पाया पडतात. मी अनेकदा पहाटे पालखी वेळापूरकडे निघाल्यावर ओट्यावर उभी राहून विचार केला आहे की हे जे रात्री शक्य होतं, ते सकाळी उठल्यावर कुठे जातं?

आत्याबाई क्रूर नव्हत्या. नऊ दिवस त्या अनवाणी, निरंकार राहायच्या. पहाटे चारला उठायच्या. बाळंतिणीच्या घरी रात्रभर बसायच्या. त्यांच्या सोवळ्यानं मला काही शिकवलंही. आजही मी अंघोळ करून फुलं तोडते, हुंगत नाही, टोपली खाली ठेवत नाही. त्यानं फुलात काही बदलत नाही, माझ्यात बदलतं. हात सावध होतात, मन जागेवर येतं. पावित्र्याचा मला कळलेला अर्थ हा आहे: देवापुढे जाताना मी स्वतःवर घेतलेली शिस्त. उपास जसा माझा मी करते, शेजारणीला उपाशी ठेवून तो होत नाही, तसंच हे. आत्याबाईंनी स्वतःसाठी घेतलेलं व्रत बापूंच्या हाताला लावलं, आणि त्या क्षणी ते व्रत राहिलं नाही. माझ्या लेखी त्या दिवशी घर विटाळलं असेल तर ते टोपली पालथी झाली तेव्हा.

१९९८ चं नवरात्र त्यांचं शेवटचं. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं. अंथरुणावर बसून त्या माळ ओवायला मागायच्या. दुसऱ्या दिवशीची तरवडाची फुलं बापूंनी आणून दिली होती. मीच त्यांना निरोप धाडला होता. टोपली आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी विचारलं, "कुणी आणली?" मी खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग एक फूल उचलून बोटांनी चाचपलं, पाकळ्या, मग देठ. म्हणाल्या, "देठ लांब ठिवलाय. माळंला बरं पडतंय." आणि सुई मागितली.

त्यांचं मत बदललं होतं, असं मी म्हणणार नाही. तसं त्यांनी म्हटलं नाही. माळ मात्र त्यांनीच ओवली आणि घटावर चढली. पाच वर्षांनी बापूही गेले. त्यांच्यानंतर गावात कातडं कमावणारं कुणी उरलं नाही. मुलगा एसटीत लागला, नातू शिकून बाहेरगावी गेला. मोट आमच्याकडे आहे. दर उन्हाळ्यात तिला मी तेल लावते. कातडं कडक झालंय, पण कुजलेलं नाही.

ज्या माळावर मी तरवड आणायला जायचे तिथून आता पालखी मार्ग गेला आहे, चांगला रुंद. रस्ता हवाच होता, वारकऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. पण कडेची झुडपं गेली. उरलेला तरवड आता रानांच्या बांधांवर आहे, आणि बांध तर जेसीबी दर वर्षी थोडे थोडे खातो. मी परसात तीन झुडपं लावली. बीचं कवच टणक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवून मग पेरावं लागतं. दोन जगली. गेल्या आश्विनात त्यांच्यावर भुंगा आला होता.

ज्यांच्या बांधावर तरवड आहे त्यांना माझी विनंती आहे. दसऱ्यापर्यंत तो तोडू नका. फुलं घेताना सगळी घेऊ नका, भुंग्यासाठी आणि शेंगेसाठी चार राहू द्या. आणि घटासाठी फुलं मागायला कुणीही दारात आलं, तरी त्याला बांधावर जाऊ द्या.